पुलावर लागलेलं स्टेशन

दार लोटून घ्या रे, गार वारा येतोय. आणि मध्ये बोलायचं नाही. ही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या सख्ख्या साडूच्या बाबतीत घडलेली आहे.

साडू टेम्पो चालवायचा. दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी, बहिणीचं कपाट पोचवायला गेला. सोबतीला मेव्हणा. त्याचा मेव्हणा म्हणजे माझाही मेव्हणाच की! इतका गरीब माणूस, की घरात सगळे त्याला गोगलगाय म्हणतात. झुरळ मारायलाही बायकोला हाक मारतो.

काय म्हणालास? गोगलगाय नि पोटात पाय? हसू नकोस. ऐक.

कपाट उतरवलं, जेवले, परत निघाले तेव्हा बारा वाजून गेले होते. रेडिओवर जुनी गाणी. वाटेत नदीवरचा लोखंडी पूल. डोक्यावर, दोन्ही अंगांना, सगळीकडे लोखंडाची जाळी. पत्र्याच्या खोलीत मोबाइलची रेंज जाते ना, तसंच तिथं रेडिओचं होतं. लाटा बाहेरच अडतात. पूल लागला की गाणं गप्प, नुसती खरखर. पूल संपला की गाणं परत. साडूच्या हे अगदी अंगवळणी पडलेलं.

त्या रात्री पूल लागला. गाणं थांबलं. पण खरखर आली नाही.

एक माणूस बोलला. कानाशी तोंड आणून बोलावं तसा.

“गाडी हळू कर.”

मेव्हणा हसला. “दाजी, नाटक लागलंय वाटतं.”

“इथं काहीच लागत नाही,” साडू म्हणाला, आणि त्यानं रेडिओ बंद केला. दिवा विझला.

आवाज... चालूच.

“पान्हा घे.”

मेव्हण्याचं हसू मावळलं. तो वाकला. सीटखालचा मोठा पान्हा त्यानं उचलला.

“अरे, काय करतोस?”

“मार.”

पहिला घाव खांद्यावर बसला. हाड मोडलेलं साडूला ऐकू आलं. टेम्पो कठड्याला घासत गेला. ठिणग्या उडाल्या.

“मार.”

दुसरा तोंडावर. दात जिभेवर आले.

“सोड रे... मी आहे... तुझा दाजी...”

मेव्हणा रडत होता. ढसाढसा. आणि हात पुन्हा वर जात होता.

“डोक्यात.”

साडूला एकच सुचलं. पूल संपला की हे संपेल. त्यानं मान खाली घातली, एका हातानं स्टिअरिंग धरलं आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. पान्हा टाळू सोलत गेला. डोळ्यांत रक्त. दिसेना. एका खांबानं आरसा उडवला.

“थांब.”

थांबला नाही.

“थांब!”

चाकांखालचा खडखडाट संपला. डांबरी रस्ता.

आवाज... तुटला.

मेव्हण्याच्या हातून पान्हा गळून पडला. त्यानं साडूकडे पाहिलं आणि किंचाळला, “दाजी! तुम्हाला कुणी मारलं?”

दवाखान्यात दोघांनी अपघात झाला म्हणून सांगितलं. साडू जगला. टेम्पो विकला. मेव्हण्याला मात्र तो आजतागायत वावगा शब्द बोललेला नाही. का, ते मी त्याच रात्री पाहिलं. पहाटेच्या आत मी तिथं पोचलो होतो. मेव्हण्याच्या मनगटाला रक्त लागलंय म्हणून नर्स पुसत होती. पुसता पुसता थांबली.

रक्त नव्हतं ते. काळेनिळे वळ होते. हात कुणीतरी गच्च धरल्याचे. चार बोटं, स्पष्ट...

एकेका बोटाचा मनगटाभोवती एक पूर्ण वेढा. आणि पुढे आणखी अर्धा.