शेवंतीचा पाय

मखमलाबादच्या रस्त्याने प्रतिभा शेवंतीला धरून हळूहळू चालली होती. मागून आलेली स्कूटर शेजारी येऊन थांबली.

"घोडी लंगडतेय," स्कूटरवरचा तरुण म्हणाला.

"दिसतंय मला. जनावरांच्या दवाखान्यातच नेतेय."

"मग वळवा मागे. दवाखान्यातला डॉक्टर इथंच आहे."

तो किरण देवरे. देवळ्याचा, नोकरीवर नुकताच रुजू झालेला. अठ्ठ्याण्णव साल होतं ते. तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, वराती तोंडावर आल्या होत्या. प्रतिभाचे वडील नाथा गुलाब-झेंडूची शेती करत आणि लग्नसराईत नवरदेवासाठी शेवंतीला सजवून नेत. लंगड्या घोडीवर कोण नवरदेव बसणार?

अंगणात किरणने शेवंतीच्या खांद्यावरून हात फिरवला आणि हलकेच विचारलं, "काय व्हई ऱ्हायनं तुले, माय?"

प्रतिभाला हसू आवरेना. "घोडीशी अहिराणी?"

"भीती वाटली की मी अहिराणीतच बोलतो."

"माझ्याशी तर नाही बोललात."

"तुमच्यापुढे... तीसुद्धा सुचत नाही," तो म्हणाला आणि घाईघाईने औषधाची बाटली शोधू लागला. खांदा मुरगळलाय, म्हणाला. चोळायला तेल दिलं.

मग तो रोज संध्याकाळी येऊ लागला. तेल चोळून झालं तरी पाय काही सुधारेना. प्रतिभाचं मात्र काहीतरी भलतंच होऊन बसलं. सकाळी दिवा लावताना ती मनापासून म्हणायची, शेवंतीला बरं वाटू दे. आणि संध्याकाळी घोडी लंगडताना दिसली की तिला हायसं वाटायचं... म्हणजे तो उद्याही येणार. लगेच तिची तिलाच लाज वाटायची. शिंगरू असल्यापासून जिला वाढवलं, तिच्या दुखण्यावर आपण खूश होतो? आपण आहोत तरी कशा?

त्यात एका रात्री जेवताना नाथा म्हणाले, "खांदा म्हणतो, पण घोडी खूर टेकवत नाय. त्र्यंबकचा एक जण मागतोय. देऊन टाकू."

प्रतिभा अर्ध्या ताटावरून उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच किरण आला. धुकं अजून विरलं नव्हतं, त्याचे केस ओले झाले होते.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "इतक्या दिवसांच्या तेलाने फरक नाही, म्हणजे खांद्यात काही नाही. दुखणं खुरात असणार. पहिल्याच दिवशी मी खूर नीट तपासायला हवा होता."

"मग का नाही तपासलात?"

"लक्ष... दुसरीकडे होतं."

कुठे, हे विचारायचं तिला धाडस झालं नाही. तिने शेवंतीचं तोंड छातीशी धरलं. किरणने खूर मांडीवर घेतला आणि चिमट्याने कडेकडेने दाबत गेला. एका जागी घोडी एकदम शहारली. नालेचा खिळा आत लागून तिथं पू साचला होता. नाल काढून त्याने सुरीने तळवा हळूहळू तासला, तेव्हा काळा, उग्र वासाचा पू वाहून आला. शेवंतीने एक लांब श्वास सोडला आणि थोड्या वेळाने खूर जमिनीला टेकवला. प्रतिभाला रडू कोसळलं. किरण नुसता उभा राहिला. तिला धीर द्यावा की घोडीला इंजेक्शन, हेच त्याला कळेना.

मिठाच्या गरम पाण्याने शेक, वर पट्टी. जखम भरली, नवी नाल बसली. त्र्यंबकच्या माणसाला नाथांनी नाही म्हणून कळवलं.

शेवंती पहिल्या वरातीला गेली, त्या संध्याकाळी स्कूटर दारात थांबली. प्रतिभा ओट्यावर गजरे करत होती.

"शेवंती नाही घरी," ती म्हणाली.

"माहीत आहे. वाटेत दिसली. छान चालत होती."

"मग?"

त्याने स्कूटर स्टँडवर लावली. "ती बरी झाली, आनंद झाला. आणि इथं यायचं निमित्त गेलं म्हणून... वाईटही वाटलं. असं वाटणारा कसला आलाय डॉक्टर?"

प्रतिभाच्या हातातला दोरा थांबला. "मला तर ती लंगडत असतानाच बरं वाटायचं," ती खाली बघत म्हणाली. "कुणाला सांगू नका."

"एकालाच सांगीन. तुमच्या वडिलांना... चालेल?"

तिने मान वर केली नाही. पण हलवली.

आतून तिच्या आईने, कुसाबाईंनी हाक मारली, "कोण गं? डॉक्टर का?"

"नाही, आई," प्रतिभा म्हणाली. "पाहुणे आलेत."

आतल्या दाराशी येऊन त्यांनी दोघांकडे पाहिलं. मग कुसाबाई म्हणाल्या, "बसव त्यांना. पोहे भिजवते."