पिंपळठाण्याचा भैरोबा

गाभाऱ्यातला भैरोबा नाहीसा झाल्याची वर्दी आली, तेव्हा जमादार भगवंतराव बडनेऱ्याच्या वाटेवरच्या कापूसचोऱ्या निस्तरून नुकतेच घोड्यावरून उतरले होते. कापसाला सोन्याचा भाव आल्यापासून त्यांची पाठ म्हणून जमिनीला लागली नव्हती. पुन्हा रिकिबीत पाय घालताना त्यांना स्वतःचीच कीव आली.

पिंपळठाण्याच्या जुन्या हेमाडपंती देवळात गाडीवान हुसेनला खांबाला बांधून ठेवलं होतं. जुनी देवळं पाहत, त्यांची चित्रं काढत हिंडणाऱ्या एका साहेबाचं सामान त्याच्या गाडीत होतं. साहेब काल दुपारी देऊळ पाहून पुढच्या गावची बारव पाहायला घोड्यावर गेला. गाडी अंगणातल्या लिंबाखाली थांबली. संध्याकाळी पाहतात तो देव गायब.

"समदं गाव कापूस येचाले गेलं होतं," महादेवराव पाटील म्हणाले. "हा आन् आमचा गुरव, दोघंच इथं. याले बेड्या घालून अमरावतीले न्या."

"गाडी पाहिली?"

"पाहिली. कुठी पुरून ठेवला असन यानं."

"हुसेन, तू काय पाहिलं?"

"काई नाई. बैल लिंबाले बांधले आन् गाडीतच झोपलो." हुसेनने मान वर केली नाही.

भगवंतराव गाभाऱ्यात गेले. फरशी लख्ख झाडलेली होती. उंबऱ्याच्या खाचेत मात्र शेंदराचे बोटभर जाड पापुद्रे अडकले होते.

"नत्थुजी, झाडलं कोणी?"

"मीच," म्हातारा गुरव म्हणाला. "रोजच झाडतो."

"देव गेल्यावरही?"

"सवय हाय, साहेब."

भगवंतराव बाहेर आले. पायात गोळे आले होते. लिंबाखाली देवळाचे निखळून पडलेले दगड होते, त्यांतल्या एकावर ते टेकले. वाटेवरच्या गाड्यांमधून कापसाचे तंतू उडत होते. धुळकट दगडांवर ते ठरत नव्हते, पण शेजारच्या एकाच दगडाला दाट चिकटले होते. त्यांनी हात लावला. दगड तेलकट होता. त्यांनी तो उलटवला.

हातभर उंचीचा, मांडी घालून डोळे मिटून बसलेला कोणीतरी, जैनांच्या देवळातल्या मूर्तीसारखा.

"हा तुमचा देव, पाटील."

"काईतरीच! आमचा भैरोबा लाल. डोळे टपोरे."

"ते रूप शेंदराचं होतं. पिढ्यानपिढ्या तेलशेंदूर चढला, आत काय हाय ते कोणाले ठाऊक? चोरानं देव उचलून नेला असता. शेंदूर खरवडत कायले बसन? आन् वरून गाभारा झाडन? साहेबाले चित्र काढाचं होतं. जाताना त्यानं शेंदूर काढून ठेवाले सांगतलं असन, ते गुरवालेच; साहेबाचा हुकूम कोण मोडन? पापुद्रा निघाला, आत हे दिसलं आन् गुरव भेला. गाव लाल देवच धुंडन हे ठाऊक होतं, म्हणून यानं हा उघड्यावरच पालथा टाकला. चुकलं का काई, नत्थुजी?"

गुरवाने हात जोडले. "देव बाटवला म्हणून गावानं मले जित्तं सोडलं नसतं."

"आन् याचं काय?"

"तो परगावचा. वाटलं, सुटन कसातरी."

भगवंतरावांना संताप आला, पण संतापायलाही अंगात जोर उरला नव्हता. त्यांनी स्वतःच हुसेनचा दोर सोडला.

"तुही गाडी याच लिंबाखाली होती. दगड पडला तवा तू जागा होता."

"होतो."

"मंग सांगतलं काहून नाही?"

हुसेनने मनगटं चोळली. म्हणाला, "तुमचा देव आतून दुसराच निघाला, हे मी सांगतलं असतं, तर हे लोक तुमच्या बेड्यायची वाट पाहत बसले असते का, साहेब?"

हुसेन बैल जुंपायला गेला.