आतून लावलेली चेन

सुमंतने हे लिहायला नको म्हटलं होतं. सुमंत माझा नवरा. लोक हसतील, असं तो म्हणतो.

हसू देत.

मी जे पाहिलं आणि जे ऐकलं, तेवढंच लिहिणार आहे. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे आणि नगरला माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. अंदाजाने काही लिहायची मला सवय नाही.

२०२३ च्या डिसेंबरमधला शेवटचा शनिवार होता. अमावस्या नव्हती. पौर्णिमा होऊन तीन-चार दिवस झाले होते, त्यामुळे चंद्र उशिरा उगवणार होता.

जागा राजूरच्या पुढे, डोंगरात. वाडीचं नाव मुद्दाम देत नाही. तिथे कॅम्प चालवणाऱ्या भिमाजीचं घर त्यावर चालतं, आणि त्याने आमचं काही वाईट केलेलं नाही.

आम्ही तिघं गेलो होतो. मी, सुमंत आणि आमची मुलगी मनवा. वय आठ, वरचा एक दात नुकताच पडलेला, आणि दिवसभर तोंड सुरू.

आधी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

सुमंत शनिशिंगणापूरचा आहे. त्याच्या गावच्या घराला चौकट आहे, दार नाही. रात्री कुत्री शिरू नयेत म्हणून एक फळी आडवी टेकवतात, बस्स. येणारा माणूस बाहेरून विचारतो, "येऊ का?" आणि आतून जो असेल तो म्हणतो, "या, उघडंच आहे." कोण आहे ते कोणी विचारत नाही. माझ्या सासूबाईंना तो आलेल्याचा अपमान वाटतो.

मनवाच्या सगळ्या सुट्ट्या त्या घरात गेल्या. ते उत्तर तिच्या तोंडात बसलं होतं. केडगावच्या आमच्या फ्लॅटची बेल वाजली तरी ती आतून ओरडायची, "या, उघडंच आहे!"

उघडं नसायचंच. कडी मी लावलेली असायची.

कॅम्प साधा होता. हिरड्याच्या झाडांखाली चार तंबू, एक पत्र्याचं स्वयंपाकघर, ताडपत्री बांधून केलेलं न्हाणीघर. त्या दिवशी आमच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. तंबूंच्या पुढे जमीन संपते आणि दरी सुरू होते. दरीपलीकडे काळा कडा, सरळ उभा.

दुपारी मनवाने त्या कड्याकडे तोंड करून स्वतःचं नाव ओरडून पाहिलं.

"मनवाऽ!"

कड्याने ते परत दिलं. स्वच्छ, जसंच्या तसं.

ती वेडी झाली. भिमाजीचं नाव, कुत्र्याचं नाव, शाळेतल्या बाईंचं नाव, सगळं ओरडून झालं. मी तिला प्रतिध्वनी समजावून सांगितला. ध्वनी जातो, कठीण पृष्ठभागावर आपटतो, परत येतो. ती म्हणाली, "म्हणजे तो न चुकता येतोच?"

"येतोच," मी म्हणाले.

संध्याकाळी भिमाजीची आई, केशरबाई, भाकरी थापायला आली. चुलीपुढे बसता बसता तिने सांगितलं, "अंधार पडला की तंबूची चेन लावून घेत जा. आन् भायेरनं कोनी हाक मारली तर आदी नाव इचारायचं. नाव सांगितलं तरच व्हय म्हनायचं."

"आणि नाही सांगितलं तर?" सुमंतने विचारलं.

"तर गप ऱ्हायचं."

"आजी, आमच्याकडे उलटं आहे. आमच्या घराला दारच नाही. चोराची हिंमत होत नाही."

भिमाजी हसला. "हितं चोर न्हाई येत साहेब, बिबट्या येतो. त्याला शनिदेवाचं कुनी सांगितलेलं न्हाई."

सगळे हसलो. केशरबाईसुद्धा हसली. भिमाजी मला हळूच म्हणाला, "मॅडम, आईचं मनावर घेऊ नका. जुनं मानूस हाय. मी घरी आलो तरी मला नाव इचारती."

"इचारनारच," केशरबाई म्हणाली. "तुजा काय भरोसा?"

मी सुमंतला म्हटलं होतं, चेन लाव. त्याने लावली नाही. बंद जागेत त्याला झोप येत नाही, हे मला माहीत होतं. मी पुन्हा म्हटलं नाही.

अंधार लवकर पडला. थंडी एकदम वाढली. आम्ही चुलीजवळ होतो. मनवा स्वेटर आणायला तंबूत गेली. तंबू अंगणापलीकडे, पूर्ण दिसेल असा. आत टॉर्च लागला आणि कापडावर तिची सावली उमटली. ती स्वेटरच्या बाहीत हात घालत होती.

एकच सावली होती. मी पाहत होते, म्हणून खात्रीने सांगते.

मग सावली थांबली.

मान दरीच्या बाजूला वळली…

आणि मनवाचा आवाज आला, रोजच्यासारखा.

"या, उघडंच आहे."

मला वाटलं, भिमाजी असेल. पण भिमाजी माझ्याशेजारी चूल फुंकत होता. सुमंत समोर बसला होता. केशरबाईच्या हातातली भाकरी परातीत पडली.

"कोनाला म्हनली ती?" तिने विचारलं.

मी तंबूकडे पाहिलं.

टॉर्च लागलेला होता.

सावली नव्हती.

मी धावले. अंगण असं कितीसं असणार! तंबूचं तोंड उघडं, तसंच. टॉर्च गादीवर पडलेला. स्वेटर एक बाही उलटी होऊन पडलेला. दाराशी तिच्या चपला, दोन्ही.

मनवा नव्हती.

मी तिन्ही स्लीपिंग बॅगा हाताने चाचपल्या. पुन्हा चाचपल्या. बॅगा उचलून खाली पाहिलं. तंबूला मागे दार नसतं. पुढून ती बाहेर पडली असती, तर आम्हाला दिसली असती.

"मनवा!" सुमंत ओरडला. "मनू, गंमत पुरे आता!"

मग कोणीच गंमत म्हटलं नाही.

भिमाजी टॉर्च घेऊन ओढ्याकडे पळाला. सुमंत हिरड्याच्या झाडांत शिरला. बाकीचे तंबू मी एकेक उघडून पाहिले. न्हाणीघर पाहिलं. आमच्या गाडीखाली वाकून पाहिलं. पाण्याच्या टाकीचं झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात घालून ढवळलं. पाणी बर्फासारखं होतं. हाताला काही लागलं नाही, म्हणून मी रडले, आणि काही लागलं नाही म्हणूनच देवाचे आभार मानले.

ती अनवाणी होती. स्वेटर नव्हता. तेवढंच डोक्यात फिरत होतं… अनवाणी, स्वेटर नाही.

शेवटी मी दरीच्या कडेला आले. पुढे जागा नव्हती. छाती फुटेल एवढ्या जोरात ओरडले.

"मनवाऽऽ!"

आवाज गेला.

परत आला नाही.

मी थांबले. पुन्हा ओरडले. तोच कडा, तीच जागा, वाराही नव्हता. दुपारी येत होता तो प्रतिध्वनी आता यायलाच हवा होता.

नाही आला.

समोर काहीच नसल्यासारखं. जणू आवाज कोणीतरी झेलून घेत होतं…

केशरबाई माझ्यामागे येऊन उभी राहिली. आम्ही दोघी ऐकत होतो.

मग खालून, दरीतून, आवाज आला.

"आई…"

मनवाच होती. पडलेल्या दातातून येते ती हवासुद्धा त्या आवाजात होती.

"आई… येऊ का?"

मी 'ये' म्हणायला तोंड उघडलं. केशरबाईने माझ्या तोंडावर हात दाबला. पिठाचा, चुलीच्या धुराचा वास. म्हातारीच्या हातात एवढा जोर असेल, असं वाटलं नव्हतं.

"नाव इचारा, बाई. आदी नाव इचारा."

"माझी मुलगी आहे ती!"

"मंग सांगंल की नाव."

मी विचारलं. स्वतःच्या मुलीला विचारलं, "कोण आहे? नाव सांग, बाळा."

काहीच नाही.

मग, "आई, मी आहे ना. येऊ का?"

"नाव सांग, मनू! तुझं नाव सांग फक्त!"

"आई, थंडी वाजतेय… येऊ का?"

आता ती रडत होती. केशरबाईने माझं मनगट घट्ट धरलं होतं. ती माझ्या कानाशी सारखं म्हणत होती, "नाव न्हाई सांगत. गप ऱ्हावा. तुमच्या पाया पडते, गप ऱ्हावा."

मी गप्प राहिले.

पुन्हा आवाज आला. या वेळी लांबून.

"आई…"

त्यानंतर दरीत काहीच नव्हतं.

मी केशरबाईचा हात झटकला आणि दरीत उतरायला वाट शोधू लागले. वाट नव्हती, तरी मी पाय टाकला. तेवढ्यात मागून सुमंतची किंकाळी ऐकू आली.

"इंदू! इंदू, इकडे ये! सापडली!"

मी वळले.

आमच्या तंबूत टॉर्च लागलेला होता. सुमंत पोचला तेव्हा तंबूची चेन लावलेली होती. बाहेरची आणि आतली, दोन्ही. वरपासून खालपर्यंत, नीट. ती सुमंतने ओढून उघडली होती आणि तो आत गुडघ्यांवर बसला होता.

मनवा स्लीपिंग बॅगमध्ये होती. स्वेटर घातलेला, सुलट. सगळी बटणं लावलेली.

"कुठे होतीस?" मी विचारलं.

"इथेच."

"मी पाहिलं होतं इथे! माझ्या हाताने पाहिलं होतं!"

ती माझ्याकडे बघत राहिली. "आई, मी दार लावून घेतलं," ती म्हणाली.

सुमंत तिला कवटाळून हुंदके देत होता. मीही कवटाळलं. तिचे तळवे पाहिले. स्वच्छ होते, कोरडे होते. भिमाजी ओढ्याकडून धापा टाकत आला आणि मटकन खाली बसला.

केशरबाई तंबूजवळ आली नाही. ती दरीच्या कडेलाच उभी होती. खाली बघत.

सकाळी निघताना ती गाडीपाशी आली. खिडकीतून आत वाकून मनवाला म्हणाली, "नाव काय गं बाय तुजं?"

मनवा हसली. सुमंतकडे पाहिलं. "बाबा, सांगा ना."

"मनवा," सुमंतच म्हणाला. "आजी, कालपासून तर तिला हाक मारताय!"

केशरबाई माझ्याकडे बघत होती. मला वाटतं, तिलाही तेव्हाच सुचलं असावं.

मला घाट उतरताना सुचलं.

वाडीतलं मूल असतं तर त्याने नाव सांगितलं असतं. त्यांना ते लहानपणापासून शिकवतात. माझ्या मुलीला आम्ही ते कधी शिकवलंच नव्हतं. आईच नाव का विचारतेय, हे तिला कळलंच नसणार. तिच्या घरी नाव विचारत नाहीत, नाव सांगत नाहीत. तिच्या घरी बाहेर उभं राहून फक्त एवढंच म्हणतात, "येऊ का?"

आणि आतून म्हणायचं असतं, "ये."

सुमंतला मी हे सांगितलं. त्याने गाडी बाजूला घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. मनवा मागच्या सीटवर झोपली होती. निदान डोळे मिटलेले होते.

मी सगळं तपासलं आहे. गुडघ्यावरचा व्रण जुळतो. खांद्यामागचा तीळ जुळतो. अक्षर जुळतं. पडलेल्या दाताच्या जागी नवा दात आला, तो थोडा वाकडा आहे, माझ्यासारखाच. प्रयोगशाळेत एवढं जुळलं की मी अहवालावर सही करते.

थंड हवेत आवाज वेगळा प्रवास करतो, हेही मला माहीत आहे. घाबरलेल्या माणसाचा हात बॅगेतल्या मुलावरून फिरूनही त्याला ते कळत नाही, असं डॉक्टर म्हणाले. असेलही.

गेल्या डिसेंबरात मी एकटी पुन्हा तिथे गेले. सुमंतला ऑफिसच्या कामाचं सांगितलं. कडेला उभं राहून दुपारी "मनवा" म्हणून हाक मारली. कड्याने परत दिली. अंधार पडल्यावर पुन्हा मारली.

परत आली नाही.

मी वाट पाहिली. मग कोणी काही विचारण्याआधीच म्हणाले, "ये बाळा. उघडंच आहे. ये."

केशरबाई लांब चुलीपाशी उभी होती. या वेळी तिने मला अडवलं नाही. पदर डोळ्यांना लावून उभी राहिली.

कोणी आलं नाही.

तेव्हापासून केडगावच्या फ्लॅटच्या दाराला मी कडी लावत नाही. दार नुसतं लोटून ठेवते. सुमंत चेष्टा करतो, शेवटी तू शिंगणापूरची झालीस. राजूर लांब आहे, अनवाणी चालायला फार लांब. पण कधी ती पोचलीच, बाहेर उभं राहून तिने विचारलंच, तर या वेळी मी नाव विचारणार नाही.

रात्री झोपण्याआधी दार उघडं आहे हे मी हात लावून पाहते.

सकाळी कडी लावलेली असते.

वरची कडी. मनवाचा हात अजून तिथे पोचत नाही. सुमंत लावत नाही, मी शपथ घालून विचारलं आहे.

आज सकाळीही लावलेली होती.

आतून.