रिकाम्या सायकलीचा नाच

भरलेली सायकल गुणी आणि रिकामी सायकल अवखळ, असं कधी होतं का? ढेबेवस्तीत झालं. आणि तेही नेमकं परीक्षेच्या दिवशी.

ढेबेवस्ती म्हणजे घाटमाथ्यावरची अकरा घरं आणि साठेक म्हशी. साल २०५८ उजाडलं, तरी खालच्या डेअरीत दूध न्यायला वस्तीकडे ड्रोन नव्हता. एकदा मिळाला होता. इथल्या वाऱ्याने तिसऱ्याच दिवशी तो करवंदीच्या जाळीत नेऊन बसवला, दुधासकट. म्हणून आता पायवाटेवर चालणारी एक स्वस्त सायकल चाचणीसाठी आली होती. तिला पुढे आणि मागे दोन्हीकडे सस्पेन्शन (खाचखळग्यांत चाकाला खालीवर होऊ देणारी आणि दणका सोसणारी रचना) होतं. सायकल पास झाली, तर वस्तीतल्या सगळ्या मुलांना अशा सायकली मिळणार होत्या.

तेरा वर्षांच्या सगुणाला बाकीच्यांचं नव्हे, स्वतःचं पडलं होतं. वस्तीतली शाळा सातवीपर्यंत. आठवीचे वर्ग सात किलोमीटर खाली. सायकल मिळाली तर रोज घरून जाता येणार, नाहीतर जूनपासून वसतिगृह. तिच्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, पत्र्याची पेटीसुद्धा आणून ठेवली होती. पेटीवर निळ्या रंगात नाव होतं : सगुणा ढेबे, इयत्ता आठवी. ती पेटी दिसली की सगुणा तोंड फिरवायची.

तरी तिला खात्री होती. आठ दिवस तीच सायकल चालवत होती. मागच्या कॅरिअरवर दोन किटल्या, वीस लिटर दूध, आणि खाली उतरणारी दगडधोंड्यांची वाट. एक थेंब सांडला नव्हता.

परीक्षक नवव्या दिवशी आला. तो होता पारखी नावाचा यंत्रमानव, चार पायांचा, शेळीएवढा. वस्तीतली कुत्री त्याच्यावर पोटभर भुंकली. त्याने आदबीने सगळ्या कुत्र्यांना नमस्कार केला आणि मग माणसांना.

आबांनी सायकल पहाटेच धुऊन ठेवली होती. हँडलला झेंडूचा हार, घंटीला हळदकुंकू. पाहुण्यासमोर दुधाने माखलेल्या किटल्या बऱ्या दिसत नाहीत, म्हणून त्या काढून गोठ्यात ठेवल्या होत्या. नवरी मुलगी दाखवायला काढावी, तसा सगळा थाट.

पारखीने दोन्ही चाकांना एकेक संवेदक (बदल टिपणारं छोटं उपकरण) चिकटवला. "उतारावर चाक किती वेळ जमिनीला टेकलेलं राहतं, हे तो मोजेल," तो म्हणाला. "चाक हवेत असताना ब्रेक लागत नाही आणि सायकल वळतही नाही. शंभरपैकी पंच्याऐंशी गुण हवेत. दोन फेऱ्या मिळतील."

सगुणा निघाली आणि पहिल्याच दगडावर तिचे डोळे मोठे झाले. रोजची शहाणी सायकल शिंग लागलेल्या रेड्यासारखी उधळली. मागचं चाक दगडावरून उडालं, खड्ड्यावरून उडालं. वळणावर तर झेंडूचा हार सुटून तिच्या गळ्यात पडला. बाजूने पारखी तुरुतुरु धावत होता.

"पुढचं चाक अठ्ठ्याऐंशी. मागचं एकसष्ट," तो खाली पोहोचल्यावर म्हणाला. "नापास."

सायकल ढकलत दोघं वर आली. आबांनी कपाळाला हात लावला. "स्वस्तातलं त्ये स्वस्तातलंच. भारीतल्या सायकलीच्या चौथाई किमतीत काय सोन्याची येनार व्हय?"

"आबा, न्हाय वो! रोज दूध सांडत न्हाय आन् आज मीच सांडले असते!" सगुणाला रडू फुटलं. पारखी समोर आहे, वस्ती बघते आहे, तिला कशाचं भान राहिलं नाही. "मला न्हाय जायचं वसतिगृहात."

पारखी म्हणाला, "रडून झालं की मला एक सांग. काल आणि आज यांत काय बदललं?"

सगुणाने नाक पुसलं. "धुतली. हार घातला. हळदकुंकू लावलं."

"हळदकुंकवाने चोवीस गुण कमी पडत नाहीत. आणखी?"

"किटल्या काढल्या. पर वझं काढलं तर सायकल सुधारायला पायजे ना?"

इथे आबा पुढे सरकले. तरुणपणी त्यांनी पंधरा वर्षं टेम्पो चालवला होता. "तसं नसतंय पोरी. भरलेला टेम्पो झोकात चालतो. रिकामा टेम्पो नाचतो."

"का नाचतो?" पारखीने विचारलं.

"आता त्यो का नाचतो, त्ये टेम्पोलाच इचारा."

"टेम्पो इथे नाही. सायकलीला विचारू," पारखी म्हणाला. सायकलीच्या चौकटीत मागच्या बाजूला एक नळी होती, आतल्या दांड्यासकट. तिच्यात दाबलेली हवा स्प्रिंगचं काम करत होती. दांड्यावर एक रबरी कडं होतं. पारखीने ते वर सरकवून नळीला भिडवलं. "सगुणा, हळूच बस आणि हळूच उतर. दांडा जितका आत जाईल, तितकं हे कडं खाली ढकललं जाईल."

आबांनी सायकल धरली. सगुणा बसली, उतरली. कडं पाच मिलिमीटर सरकलं होतं. मग गोठ्यातून किटल्या आणून कॅरिअरला लावल्या आणि ती पुन्हा बसली. या वेळी पंधरा मिलिमीटर.

"दांड्याचा पूर्ण पल्ला (तो जास्तीत जास्त जितका आत जाऊ शकतो ते अंतर) पन्नास मिलिमीटर आहे," पारखी म्हणाला. "आता एक सांग. डोक्यावर हंडा घेऊन दगडांतून येताना तू गुडघे कसे ठेवतेस?"

"जरा वाकवून."

"ताठ का नाही?"

सगुणाने हंडा नसतानाच चार पावलं टाकून पाहिली. "दगड आला तर गुडघा आणखी वाकतो. आन् खड्डा आला तर..." ती थबकली. "तर गुडघा सरळ हुतो आन् पाय खाली पोचतो. गुडघा आधीच ताठ असला, तर पाय खाली पोचनारच न्हाय! लटकत ऱ्हानार!"

"आणि चाक?"

"चाक बी लटकलं! म्हंजे सायकल आज गुडघे ताठ करून पळत हुती!"

पारखीच्या डोक्यावरचा दिवा आनंदाने तीनदा लुकलुकला. बसल्यावर सस्पेन्शन थोडं दबायलाच हवं, त्याने सांगितलं. साधारण पल्ल्याचा पाव ते तिसरा हिस्सा. मगच चाकाला दगडावर वर जायला जागा उरते आणि खड्ड्यात खाली जायलाही.

"मग ती एवढी ताठ केली कुणी?" त्याने विचारलं.

वस्तीतले सगळे आबांकडे बघू लागले. आबा टोपी काढून डोकं खाजवू लागले. "दोन किटल्यांचं वझं पेलायचं म्हनून मीच मारली हवा. म्होरल्या नळीला हात न्हाय लावला. आन् मागं, आपली टायरची सवय... वर आनिक दोन पंप."

किटल्यांसाठी ती हवा अगदी बरोबर होती. फक्त परीक्षेला किटल्या नव्हत्या.

आता सगुणानेच पंप हातात घेतला. झडपेतून थोडी हवा सोडायची, बसायचं, उतरायचं, कडं बघायचं. सात. दहा. मग उत्साहाच्या भरात तिने इतकी हवा सोडली की बसताच सायकल म्हशीसारखी फतकल मारून खाली गेली. सगळी वस्ती हसली, सगुणाही हसली. पुन्हा चार पंप, पुन्हा बसणं, आणि कडं चौदावर थांबलं.

"पर ही स्प्रिंग पाळन्यावानी हलत का न्हाय बसत?" तिने विचारलं. आता तिला प्रश्नांवर प्रश्न सुचत होते.

"नळीत तेलही आहे. ते बारीक भोकातून जाताना अडतं आणि हेलकावा तिथेच जिरतो. याला अवमंदन (हेलकावे शांत करणं) म्हणतात. उतरून आल्यावर नळीला हात लाव, कोमट लागेल. जिरलेल्या दणक्यांची ती ऊब."

दुसरी फेरी. सगुणाने श्वास आत घेतला आणि निघाली. तेच दगड, तेच खड्डे, तेच वळण. चाक दगडावर चढत होतं, खड्ड्यात उतरत होतं, वाटेला धरून होतं. अर्ध्या उतारावर ती मोठ्याने हसू लागली आणि तळापर्यंत हसतच राहिली. थांबल्यावर तिने नळीला हात लावला. कोमट!

"मागचं चाक नव्वद," पारखी म्हणाला. मग त्याने अहवाल वाचून दाखवला. वजन सोळा किलो, चढावर जड, काही ठिकाणी उतरून ढकलावी लागेल. ब्रेक चांगले. गिअर पुरेसे. सायकल पास.

"आणि एक चूक माझीही," तो म्हणाला. "आजवर मी चारशे बारा सायकली तपासल्या. त्यांवर कोण बसणार आणि काय घेऊन जाणार, हे एकदाही विचारलं नाही. माझ्या तक्त्यात तो रकानाच नव्हता. तो आता मी जोडला आहे. सगळ्या केंद्रांतले पारखी यापुढे आधी तेच विचारतील."

संध्याकाळी सगुणाने पंपाच्या काट्यावर दिसणारे हवेच्या दाबाचे दोन आकडे निळ्या रंगाने सायकलीच्या चौकटीवर लिहिले. मोठ्या आकड्यापुढे लिहिलं 'दूध', लहान आकड्यापुढे 'शाळा'.

रंग पेटीवरच्या नावाचाच उरलेला होता. पेटी उघडीच पडली होती. आबांनी आत बघितलं, सगुणाकडे बघितलं आणि पंप उचलून पेटीत ठेवला.

"पेटी कशाला वाया घालवायची," ते म्हणाले. "अकरा घरच्या सायकली येनार. पंपाला घर नगं व्हय?"