उजव्या हाताची बटणं

“बेन, जरा खुर्ची मागे घेता का... वायर तुमच्या पायाशी आहे.”

सुषमा दचकून उठली. सुरतच्या रिंग रोडवरच्या साड्यांच्या पेढीत कॉम्प्युटर बंद पडला होता, आणि दुरुस्तीला आलेला कुंदन ओल्या छत्रीसकट टेबलाखाली शिरत होता. मशीन सुरू झालं तशी ती टाईप करू लागली – एकाच हाताने. डाव्या हाताची तीन बोटं डिंडोलीत कापडाच्या लूमवर काम करताना पट्ट्यात गेली होती. आता हाही हाताला काय झालं तेच विचारणार, म्हणून तिने मान वर केली नाही.

“कुठली बटणं लांब पडतात?” त्याने विचारलं.

असं कधी कोणी विचारलंच नव्हतं. शेठ एवढंच म्हणाले होते, दिवाळीच्या गर्दीआधी हात चालला नाही तर दुसरी मुलगी बघू.

मग कुंदन संध्याकाळी येऊ लागला. पत्रं वर्डमध्ये, बिलं एक्सेलमध्ये, आणि दोन्हीकडची बटणं वेगळी. त्याने ती एकसारखी करून सगळी उजवीकडे आणली. कंट्रोल धरून जे दाबलं की पेढीचा अख्खा पत्ता, एल दाबलं की मालाच्या अटी. पत्र असो की बिल, बटण तेच.

“आणि मधलं के रिकामं का ठेवलंत, कुंदनभाई?”

“भाई म्हणणं सोडा, मग सांगतो.”

“आधी तुम्हीच बेन म्हणालात...”

“चुकलंच माझं. के कुंदनचं. त्यातून काही येत नाही... आठवण आली तर नुसतं दाबायचं.”

ती हसली, आणि हसल्याचीच तिला भीती वाटली. बाहेर पाऊस तसाच, दिवसभराचा, मळकट.

बिलं वेळेत निघू लागली. शेठ गप्प झाले. पण गणपतीत कुंदनच्या आई धुरपदाबाई लग्नाचं बघायला डिंडोलीला सुषमाच्या घरी आल्या आणि तिचा हात बघून गेल्या. चहाचा कप तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी कुंदन टेबलाशी येऊन उभा राहिला.

“आई नाही म्हणाली.”

“बरोबर आहे त्यांचं.” सुषमा म्हणाली. “तुम्हालाही दया येत असेल तर... नाहीच म्हणा.”

“दया आली असती तर तुमची बिलं मीच टाईप करून दिली असती!” तो पहिल्यांदाच चिडला. मग हळू म्हणाला, “मला तुम्ही आवडता, सुषमा. बस, एवढंच.”

तिने मशीन बंद केलं. मग पर्स उचलली.

“चला. तुमच्या आईशी मीच बोलते.”

भेस्तानला कुंदनच्या घरी पोचेपर्यंत रिक्षात दोघंही चिंब भिजले. दार धुरपदाबाईंनीच उघडलं. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा मुलाकडे. सुषमा बोलायला पुढे झाली.

“पानीमा काबर उभ्या?” त्या दारातून आत सरकत म्हणाल्या. “दोन्ही जन मझार या.”

चेहऱ्यावर हसू नव्हतं. पण ‘दोन्ही जन’ म्हणाल्या होत्या.