मुंबईच्या कंपनीची वेळ

"काका, माझीं सर्टिफिकेटें गेलीं!"

गुरुवारी दुपारी दोन वाजता अंबुजा धापा टाकत मुकुंदरावांच्या ओसरीवर आली. तिच्या हातात तिरुचीच्या एका कंपनीचं पत्र होतं, तासाभरापूर्वी टपालानं आलेलं. मुलाखत उद्याच, शुक्रवारी अकराला. अस्सल कागद नसतील तर आत सोडणार नव्हते.

मुकुंदरावांनी कुंभकोणमच्या तारघरात तीस वर्षं काढली होती. घाबरलेल्या माणसाला आधी बसवावं, हे ते तिथंच शिकले.

"एकटीच आलीस? रंगा कोठें?"

"तीननंतर येतों म्हणिला."

रंगा तिचा आत्तेभाऊ. पितळी भांड्यांचा दुकानदार, दर रविवारी तिरुनागेश्वरमच्या देवळात राहूला दूध वाहणारा. दोघांचं लग्न घरात ठरल्यातच जमा होतं. अंबुजाला तेवढं कुणी विचारलं नव्हतं.

"आतां पहिल्यापासून सांग."

चार महिन्यांपूर्वी, नव्याण्णव साल लागताच, रंगानंच तिला रामलिंगच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये ई-मेलचा पत्ता काढून दिला. तिनं नोकरीच्या साइटवर नाव घातलं आणि भलत्याच मेलांचा पाऊस पडला. घरबसल्या पावडर विका, दुबईला चला, लखपती व्हा! ती हसून पुसून टाकी. मुंबईची एक कंपनी तेवढी खरी वाटली. तिचे तीन मेल आले. तिसऱ्यात लिहिलं होतं, अस्सल कागद पाकिटात घालून सेंटरच्या काउंटरवर ठेवा, आमचा माणूस नेईल.

"काल सकाळीं ठेविलें. आतां परत मागाया गेलें, तर पाकीट नाहीं!"

"कोणाला ठाऊक होतें?"

"रंगाविना कोणाला नाहीं. काका, रामलिंगानेंच घेतलें. देव न मानणारा मनुष्य, काय करणार नाहीं?"

मुकुंदरावांनी तिनं आणलेले छापील मेल हातात घेतले. तारवाल्याची खोड, मजकुराआधी वेळ वाचायची. शुक्रवार, बारा वाजून सहा. सोमवार, नऊ वाजून चार. मंगळवार, चार बत्तीस.

त्यांनी तिरुचीचं पत्र पुन्हा पाहिलं, चप्पल पायात घातली आणि अंबुजाला घेऊन निघाले.

सेंटरमध्ये रामलिंग नास्तिकांच्या काळ्या सदऱ्यात काउंटरवर बसला होता. घरची तंजावरी मराठी सोडून बोलणं तमिळमध्ये झालं.

"पाकीट कोणी नेलं?"

"वीज गेली, मी मागं जनरेटर लावायला गेलो. आलो तर नव्हतं."

"हे दुकान कोणत्या मुहूर्तावर उघडलंस?"

"शुक्रवारी अकराला, भर राहुकालात! अशुभ म्हणतात त्या दीड तासात, मुद्दाम. अख्खा बाजार बोंबलला होता."

मुकुंदराव हसले. अंबुजाला त्यांचा राग आला.

तीन वाजून दहा मिनिटांनी रंगा त्यांना शोधत तिथंच आला. "पोलिसांत जाऊं या," म्हणाला.

"जाऊं. आधीं सांग, दोनला कां नाहीं आलास?"

रंगानं घड्याळाकडे पाहिलं.

"मी सांगतों. गुरुवारीं दीड ते तीन राहुकाल. शुक्रवारीं बाराला सुटतो, सोमवारीं नवाला, मंगळवारीं साडेचाराला. मुंबईची कंपनी तीनदां लिहिते, आणि तीनदांही राहुकाल सुटल्यावर! खऱ्या कंपनीनें अकराला बोलाविलें, भर राहुकालांत. तिला त्याचें काय? लिहिणारा आपल्या गांवचा. रामलिंग राहुकालाला भीत नाहीं. पाकिटाची गोष्ट ठाऊक असलेला दुसरा एकच."



"फाडिलीं नाहींत," रंगा पुटपुटला. "दुकानांत हंड्यांत आहेत. लग्न झाल्यावर देणार होतों. ती दूर गेली असती, काका."

अंबुजाला रडू आलं, संतापाचं.

"मजला एकदां विचारिलें असतेंस! नाहीं म्हणालें असतें, पण तुजला खोटें तरी लिहावें लागलें नसतें."

ती रामलिंगकडे वळली. "अण्णा, मी चुकले," तमिळमध्ये म्हणाली. त्यानं नुसती मान हलवली.

रंगानं दुकानातून हंड्यातलं पाकीट आणून तिला दिलं.

"उद्यां बारानंतर जा, अंबुजा. अकराची वेळ बरी नाहीं."

तिनं एकेक कागद मोजून पाकिटात घातला.

"अकरालाच जाईन," ती म्हणाली.