मिनिटाला एक लिटर

काकूंनी गुप्तहेरासमोरच्या खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं, "माझ्या सुनेने ह्यांना चहातून विष दिलं."

सुनेला त्यांनी कालच घराबाहेर काढलं होतं. मुलगाही बायकोबरोबर निघून गेला. आता काकूंना एकच हवं होतं, खून सिद्ध व्हावा.

गुप्तहेर लगेच निघाला. सोबत त्याचा शिंपी मित्र. त्याचं माप अचूक, डोकं मात्र सावकाश चालायचं.

काकूंचे यजमान काचेच्या कारखान्यात भट्टीपुढे तीस वर्षं राबलेले. फुफ्फुसं पार कामातून गेलेली, नाकाला कायम ऑक्सिजनची नळी. सिलिंडरवर डॉक्टरांची चिठ्ठी होती: 'मिनिटाला एकच लिटर.' सिलिंडरचा काटा शून्यावर होता. टिपॉयवर कालचा चहा तसाच, काठोकाठ.

सिलिंडरवाल्याने शपथेवर सांगितलं, भरलेला सिलिंडर काल दुपारी बारालाच लावला, तो दिवसभर पुरतो. मग सुनेला गाठलं. ती रडली नाही, चिडली. ती तीनला चहा घेऊन गेली, तेव्हा सासरे लालबुंद, घामाघूम, काहीतरी बरळत होते. 'झोपू दे त्यांना,' असं सासूबाईच म्हणाल्या. अर्ध्या तासात सगळं संपलं, तेव्हा सिलिंडरही रिकामा झाला होता.

काकूंनीही ते नाकारलं नाही. दुपारी ह्यांना फार धाप लागली होती, मग छान झोप लागली. त्या स्वतः ह्यांच्या उशाजवळून हलल्या नव्हत्या.

"लाल चेहरा म्हणजे विषच की," शिंपी म्हणाला.

"चहाला कोणी तोंडही लावलेलं नाही. आणि गुंगी चहाच्या आधीची आहे."

"मग सिलिंडर गळला असेल."

"गळला असता तर ते निळे पडले असते. ऑक्सिजन त्यांना मिळत होता, ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून दिवसाचा सिलिंडर साडेतीन तासांत संपला."

"जास्त ऑक्सिजनने माणूस मरतो होय?"

"श्वास सोडायचाही असतो. शरीरातला कार्बन डायऑक्साइड रक्त फुफ्फुसांत आणून टाकतं, तिथून तो बाहेर जातो. यांच्यात तो वर्षानुवर्षं साठलेला. अशांना भरमसाट ऑक्सिजन दिला, की श्वास मंदावतो आणि तो आतच साचत जातो. धाप थांबते, घाम येतो, गुंगी चढते. बघणाऱ्याला वाटतं, झोप लागली."

काकूंनी सिलिंडरच्या चावीकडे पाहिलं.

"ह्यांनी हात जोडले हो माझ्यापुढे. ऑक्सिजन वाढव म्हणाले. मी नाही म्हणायला हवं होतं का?"

शिंप्याने मान खाली घातली. गुप्तहेराला त्यांची फार दया आली. पण सून अजून खुनी ठरलेली होती.

"हो," तो म्हणाला.